कडेकडेने जा, एवढं मात्र ऐकू नका

ताई, सप्रेम नमस्कार.

मी धायरीत राहते, वय ४७. दांडेकर पुलाजवळच्या एका शाळेच्या ऑफिसात काम करते. मार्चमध्ये तपासणीत साखर वाढलेली निघाली. गोळ्या सुरू झाल्या आणि डॉक्टरांनी रोज अर्धा तास व्यायाम सांगितला. वेगळा वेळ काढणं जमत नाही, म्हणून मुलाची पडून राहिलेली गियरची सायकल दुरुस्त करून घेतली आणि जूनमध्ये शाळा उघडल्यापासून सायकलनेच जायला लागले. दोन महिने फार छान गेले. मग ऑगस्टमध्ये एका बसने मला मागे टाकलं आणि लगेच स्टॉपसाठी डावीकडे घेतलं. मी फूटपाथला चिकटूनच चालले होते. जायला जागाच उरली नाही. चाक दगडाला घासलं आणि मी पडले. गुडघा आणि कोपर सोलवटलं, बाकी काही झालं नाही. पण तेव्हापासून छातीत धडधडतं. आता कधी फूटपाथवरून चालवते, कधी चक्क उलट्या बाजूने, कारण समोरून येणारी गाडी निदान दिसते तरी. घरचे म्हणतात सायकल बंद कर, स्कूटी घे. सासूबाई रोज दारात उभं राहून सांगतात, ‘कडेकडेने जा गं.’ मी अजून किती कडेने जाऊ? का सायकल ट्रॅक होईपर्यंत थांबावं?

– एक वाचक, धायरी

प्रिय मैत्रिणी,

तुमचा तो प्रश्न मला दोन दिवस सोडेना. मी अजून किती कडेने जाऊ? आधी त्याचंच उत्तर देते. जाऊ नका. तुम्ही कडेला फार चिकटलात म्हणून पडलात.

हे मी घरात बसून सांगत नाही. शाळेत असल्यापासून पुण्यात सायकल चालवते आहे, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. तरीही तुमचं पत्र आल्यावर एका मंगळवारी साडेआठला धायरी फाट्यावरून सायकल काढली आणि तुमच्याच वाटेने, सिंहगड रस्त्याने, दांडेकर पुलापर्यंत गेले. रविवारी पहाटे तो रस्ता कोणालाही चालवता येईल, म्हणून मुद्दाम कामाचा दिवस निवडला. माणिकबागेजवळ उतरले आणि सायकल हातात धरून शंभरेक पावलं नुसती ती कड बघत चालले.

फूटपाथच्या दगडापासून दोन फुटांच्या पट्ट्यात काय काय होतं ते सांगते. डांबराचे थरावर थर चढून रस्ता उंच झालाय आणि चेंबरची झाकणं खाली राहिली आहेत, एक तर चांगलं चार बोटं खाली. पावसाच्या पाण्याची एक जाळी अशी बसवलेली, की तिच्या पट्ट्या रस्त्याच्याच दिशेने धावतात. सायकलचं चाक त्या फटीत उतरलं तर थेट हँडलवरून पुढे. मग बारीक खडी, जी गाड्यांच्या चाकांनी उडून कडेलाच येऊन साठते. फुटलेल्या दिव्याच्या काचा. नीट न बसलेले पेव्हर ब्लॉक. आणि पाण्याचा एक लांब पट्टा, ज्याच्याखाली खड्डा आहे की सपाट रस्ता, हे कळायला काही मार्ग नव्हता. आपल्या आयांनी, सासवांनी मायेने आपल्याला ज्या कडेला पाठवलं, ती कड ही अशी आहे. त्यांच्या काळी कदाचित बरी असेल.

तर आता नवीन जागा. तुमचं चाक आणि फूटपाथचा दगड यांच्यात किमान एक मीटर, म्हणजे तीन फुटांहून थोडं जास्त अंतर ठेवा. पहिले दोन दिवस तुम्हाला आपण रस्त्याच्या मधोमध आलोय असं वाटेल. वाटू दे. मागून येणारा माणूस समोर बघत असतो आणि त्याच्या नजरेच्या रेषेत तुम्ही आता आलात. कडेला होतात तेव्हा त्याच्या दृष्टीने तुम्ही विजेचा खांब, कचऱ्याचा डबा, उभी रिक्षा यांच्या रांगेतली एक वस्तू होतात. शिवाय कडेला असलात की त्याला वाटतं, जागा आहे, काढू गाडी. तो वेगही कमी करत नाही आणि बाजूलाही होत नाही, हाताला वारा लागेल इतक्या जवळून जातो. तुम्ही मीटरभर आत असलात की त्याला विचार करावा लागतो. एक तर तो थांबतो, नाहीतर नीट उजवीकडून वळसा घालून जातो.

आणि समजा तरीही कोणी कट मारलाच, तर डावीकडे तुमच्या गाठीशी तीन फूट शिल्लक असतात. त्या दिवशी बस आत आली तेव्हा नेमकी हीच शिल्लक तुमच्याकडे नव्हती.

जिथे रस्ता इतका अरुंद होतो की तुम्ही आणि एखादी मोटार शेजारी शेजारी मावणारच नाही, तिथे डावीकडच्या लेनच्या मध्यावर या. मागे वळून बघा, हात दाखवा, या. तो तुकडा संपला की पुन्हा आपल्या मीटरभर अंतरावर. मागून हॉर्न वाजतील. वाजू देत. हॉर्न वाजवणाऱ्याने तुम्हाला पाहिलेलं असतं, आणि मला तर तो आवाज आला की हायसं वाटतं. हॉर्न ऐकून दचकून डावीकडे उडी मात्र मारू नका. रेघ सोडू नका. उभ्या गाड्यांच्या रांगेत मोकळी जागा दिसली की आत शिरायचं, पुढची गाडी आली की पुन्हा बाहेर यायचं, हे नागमोडी चालणंही बंद करा. प्रत्येक वेळी बाहेर येताना तुम्ही मागच्याला नव्याने आणि अचानक दिसता.

उभ्या गाड्यांवरून आठवलं. मोटारीचं दार उघडतं तेव्हा जवळजवळ मीटरभर बाहेर येतं. आपल्याकडे चालक उजव्या बाजूला बसतो, म्हणजे डावीकडे लावलेल्या गाडीचं चालकाचं दार नेमकं तुमच्या वाटेत उघडतं. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी अशाच एका दारावर आदळले होते आणि मनगट मोडलं. तो तरुण मुलगा बिचारा माझ्याहून जास्त घाबरला होता. त्याने आरशात पाहिलं नव्हतं हे खरं, पण मीही त्याच्या गाडीला खेटून चालले होते. तेव्हापासून माझं माप ठरलेलं आहे: डावा हात पूर्ण लांब केला तरी उभ्या गाडीला बोट लागता कामा नये. तेवढं अंतर मिळत नसेल तर वेग चालण्याइतका करा आणि गाडीत कोणी बसलंय का ते मागच्या काचेतून बघत जा. घरी कोणी मोटार चालवत असेल तर त्यांनाही सांगा, दार डाव्या हाताने उघडायचं. डावा हात उजव्या दाराकडे नेला की खांदा वळतो, मान वळते आणि मागून येणारी सायकल आपोआप दिसते.

आता बस. तुमच्या मनात भीती तिचीच बसली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या शहरातल्या मोठ्या बस बारा मीटरपर्यंत लांब असतात. एवढं लांब वाहन वळतं तेव्हा मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही, आतून कापत येतं. घरातून खाट बाहेर काढताना पाहिलं असेल: पुढचे पाय दारातून नीट जातात आणि मागचा पाय चौकटीवर आपटतो. बस, डंपर, पाण्याचा टँकर, सिमेंटचा मिक्सर, सगळ्यांचं तसंच. त्यांच्या डाव्या अंगाला, पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत असलेली जागा चालकाला नीट दिसत नाही. अगदी पुढच्या काचेखाली, नाकासमोरची जागाही नाही. म्हणून एक गोष्ट कायमची पाळा: मोठ्या वाहनाच्या डाव्या बाजूने पुढे जायचं नाही. सिग्नलला ते उभं असलं, डावीकडे मोकळी जागा दिसत असली, उशीर होत असला, तरी नाही. मागेच थांबा. त्याच्या आरशात तुम्हाला चालकाचं तोंड दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

स्टॉपवर बस थांबली असेल तर ती आणि फूटपाथ यांच्या मधून सायकल काढू नका. माणसं उतरत असतात, चढायला धावत असतात, त्यांना तुम्ही धडकाल. मागे थांबा. बसच्या मागे थांबून धूर खावा लागतो हे मला माहीत आहे, पण तो अर्धा-एक मिनिटाचा असतो. बस बराच वेळ हलणार नाही अशी खात्री असेल, तर मागे पाहून, हात दाखवून, उजवीकडून जा आणि जाताना तिच्यापासूनही हातभर लांब राहा. बसने तुम्हाला मागे टाकलं आणि पुढे दोनशे पावलांवर स्टॉप दिसतोय, तर ती आत घेणार हे धरूनच चाला. पॅडल थांबवा, तिला जाऊ द्या. चार दिवसांत तुमच्या वाटेवरचे सगळे स्टॉप पाठ होतील.

हीच गोष्ट राजाराम पुलाच्या चौकात वेगळ्या रूपात येते. तुम्ही स्वारगेटच्या दिशेने सरळ जाणार आणि डावीकडे पुलावरून कर्वेनगरला जाणाऱ्या गाड्या तुमच्या पुढून आडव्या वळणार. मी गेले त्या दिवशी तीन सायकलवाले सिग्नलला अगदी डाव्या कडेला उभे होते. हिरवा दिवा लागल्यावर तिघांच्याही समोरून रिक्षा आणि मोटारी वळल्या आणि तिघंही अडकले. त्यातल्या एका शाळकरी मुलाला तर पाय टेकून उडीच मारावी लागली. सरळ जायचं असेल तर डाव्या कडेला उभं राहायचं नाही. सरळ जाणाऱ्या गाड्यांच्या रांगेत, एखाद्या मोटारीच्या मागे, बरोबर मध्यभागी उभं राहा, जशी स्कूटी असती तर राहिला असता. चौक ओलांडेपर्यंत तीच जागा. पलीकडे गेल्यावर पुन्हा डावीकडे या.

सिग्नल लागायच्या आधी गियर हलका करून ठेवा. जड गियरवर थांबलात तर निघताना पहिली दोन पॅडल मारायला जोर लागतो आणि सायकल डगमगते, आणि नेमके तेच दोन क्षण मागच्या सगळ्या गाड्या एकदम सुटलेल्या असतात.

उजवीकडे वळण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण घरी परतताना कुठेतरी ते येणारच. मोठ्या चौकात उजव्या लेनमध्ये घुसायचं धाडस नको. सरळ चौक ओलांडा, पलीकडच्या डाव्या कोपऱ्यात थांबा, सायकल उजवीकडे वळवून ठेवा आणि तिकडचा दिवा हिरवा झाला की सरळ निघा. किंवा उतरा आणि झेब्रा क्रॉसिंगवरून पायी जा. मी आजही दांडेकर पुलाच्या चौकात खूप गर्दी असली की उतरते.

उड्डाणपुलांवर जाऊ नका, खालूनच जा. वर गाड्या वेगात असतात, कठड्यापाशी सरकायला जागा नसते आणि मध्येच दमलात तर थांबायला नाही. खालून जातानाही पूल जिथे उतरतो तिथे सावध राहा. वरून वेगाने उतरलेल्या गाड्या पुढच्या डाव्या वळणासाठी तुमच्या वाटेत घुसतात. त्याच्या जरा आधीच उजव्या खांद्यावरून मागे बघा.

हे मागे बघणं ही सगळ्या गोष्टींची किल्ली आहे आणि तेच बहुतेकांना येत नाही, कारण मान वळली की हँडलही त्याच बाजूला वळतं. त्याची सवय करावी लागते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा शाळेच्या मैदानात जमिनीवर एक सरळ रेघ शोधा. मुलाला मागे उभं करा. तुम्ही रेघेवरून सायकल चालवत दूर जायचं, त्याने हाक मारली की उजव्या खांद्यावरून मागे बघायचं आणि त्याने किती बोटं वर केलीत ते सांगायचं. रेघ सुटली तर पुन्हा. दोन-तीन संध्याकाळी, दहा-दहा मिनिटं. मग तेच एक हात सोडून करा, कारण वळताना हात दाखवायचा असतो. हात खांद्याच्या रेषेत सरळ लांब करा, मागच्याला दिसेल इतका वेळ ठेवा, आणि प्रत्यक्ष वळताना दोन्ही हात पुन्हा ब्रेकवर. हे जमेपर्यंत मोठ्या रस्त्यावर येऊ नका. तोवर बसने जा. आठवड्याने काही बिघडत नाही.

आता उलट्या बाजूचं. समोरची गाडी दिसते म्हणून बरं वाटतं हे मला कळतं. मी तुम्हाला साधा हिशेब मांडून दाखवते. तुमचा वेग ताशी १२ किलोमीटर, बसचा ४०. एकाच दिशेने जात असाल तर बस तुमच्या जवळ येते ती २८च्या वेगाने. उलट्या बाजूने समोरासमोर असाल तर ५२च्या. तीस मीटरवर तुम्ही एकमेकांना दिसलात, तर सरळ बाजूला दोघांच्या हाती जवळजवळ चार सेकंद असतात आणि उलट्या बाजूला दोनच. शिवाय गल्लीतून किंवा सोसायटीच्या फाटकातून डावीकडे वळून बाहेर पडणारा माणूस फक्त उजवीकडे बघतो, कारण गाड्या तिकडूनच येतात. तुम्ही डावीकडून येता. तो तुम्हाला पाहणारच नाही. आणि समोरून एखादी नियमाने येणारी सायकल आली, तर तिला तुमच्यामुळे रहदारीत जावं लागतं. हे आजपासून बंद करा, मी हात जोडून सांगते.

फूटपाथ चालणाऱ्यांचा आहे. तुमच्या सासूबाईंसारखीच कोणाची तरी सासू तिथून भाजी घेऊन जात असते. फार भीती वाटली, पुढे काही तरी गोंधळ दिसला, तर उतरा आणि सायकल हातात धरून फूटपाथवरून चालत जा. त्यात कमीपणा नाही. व्यायाम तेवढाच होतो.

तुमची सायकल एकदा पडली आहे, म्हणून तिच्याकडेही बघायला हवं. पुढच्या चाकासमोर उभं राहून चाक दोन गुडघ्यांत धरा आणि हँडल चाकाशी काटकोनात आहे का ते बघा. चाक उचलून फिरवा. ब्रेकच्या रबराला एका जागी घासत असेल तर दुकानात नेऊन आउट काढून घ्या. पुढचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, वाकला आहे का ते मिस्त्रीला मुद्दाम बघायला सांगा, ते आपल्या डोळ्याला चटकन दिसत नाही. हवा किती भरायची ते टायरच्या बाजूला लिहिलेलं असतं. हवा कमी असली की सायकल जड जाते आणि खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटून पंक्चर होते. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. तुमचा कुठला आहे ते पाहून घ्या आणि थांबताना दोन्ही एकत्र दाबा. नुसता पुढचा कचकन दाबला तर मागचं चाक उचललं जातं, नुसता मागचा दाबला तर सायकल घसरत जाते. सायकल मुलाची आहे, तर सीटही त्याच्याच उंचीला असेल. ती इतकी खाली घ्या की बसल्या बसल्या दोन्ही पायांचे चवडे जमिनीला लागतील. लांबच्या प्रवासाला सीट याहून उंच असलेली बरी, पण तुमचा रस्ता थांबण्या-निघण्याचा आहे.

डब्याची पिशवी हँडलला लावत असाल तर ती काढा. वळताना ती झुलते, हँडल एका बाजूला ओढते आणि एखाद्या दिवशी पुढच्या चाकाच्या तारांत जाते. मागे कॅरियर बसवून घ्या आणि रबरी पट्ट्याने बांधा. ओढणी छातीवर आडवी घेऊन कमरेला गाठ मारा. आणि आपल्या पुण्यातल्या बायकांचा तो डोक्याभोवती गुंडाळायचा स्कार्फ. धुळीसाठी, उन्हासाठी तो लागतो हे मान्य, पण कानावर दोन वेढे आले की मागची गाडी ऐकू येत नाही आणि डोळ्यांच्या बाजूला कापड आलं की कडेचं दिसत नाही. पातळ सुती रुमाल घ्या, नाका-तोंडावर बांधा, कान मोकळे ठेवा. इअरफोन तर नकोच.

हेल्मेटची सायकलला कायद्याने सक्ती नाही, तरी घाला. भुवईच्या वर दोन बोटं बसेल असं, हनुवटीखाली पट्टा लावून. डोक्यावर मागे सरकवलेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं, आणि पडताना कपाळही टेकू शकतं. एकदा आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका.

दिव्याचं लवकर बघा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे शाळा सुटून घरी पोचेपर्यंत अंधार. पुढे पांढरा, मागे लाल दिवा, आणि मागे रिफ्लेक्टर. चार्ज होणारे छोटे दिवे आता सायकलच्या कुठल्याही दुकानात मिळतात. माझी आई सांगायची, तिच्या तरुणपणी पुण्यात विनादिव्याची सायकल दिसली की पोलीस चौकात अडवत. त्या काळी रस्त्यावर आजच्या मानाने कितीशा मोटारी होत्या! आणि आज इतक्या गर्दीत बिनदिव्याच्या सायकली बघते तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

पाऊस अजून जायचा आहे. ओल्या रस्त्यावर चेंबरची लोखंडी झाकणं, खोदकामावर टाकलेले पत्रे आणि झेब्राचे पांढरे पट्टे साबणासारखे होतात. त्यांच्यावर वळू नका, ब्रेक दाबू नका, सरळ ओलांडा. झाडाखाली पडलेल्या फुलांचा आणि पानांचा चिखलही तसाच. रिमवर दाबणारे ब्रेक भिजल्यावर लगेच धरत नाहीत, म्हणून थांबायच्या बऱ्याच आधी हलके दाबून रिम पुसून घ्या. पाण्याने भरलेल्या खड्ड्यातून जायचं नाही, कितीही उथळ वाटला तरी. रेनकोटची टोपी मान वळवली तरी वळत नाही आणि उजवा डोळा झाकते. ती काढा आणि हेल्मेटवरच पाऊस घ्या. धो-धो सुरू झाला तर थांबा. आणि नदीपात्रातल्या रस्त्याने आडवाट काढायचा मोह होत असेल तर खडकवासला धरणातून पाणी सोडल्याच्या दिवसांत तिकडे फिरकू नका.

एक गोष्ट तुमच्या साखरेची. तुम्हाला गोळ्या चालू आहेत आणि वर हा व्यायाम सुरू झाला आहे. सायकल सुरू केल्याचं डॉक्टरांना सांगितलंत का? काही औषधांवर साखर एकदम खाली येऊ शकते. रिकाम्या पोटी निघू नका. खिशात, पिशवीच्या तळाशी नाही, खिशात, ग्लुकोज किंवा खडीसाखर ठेवा. हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे धूसर झालं तर पुढच्या चौकापर्यंत जाऊ असं म्हणू नका. तिथेच कडेला घ्या, उतरा, तोंडात टाका आणि बसा. घरचा फोन नंबर आणि ‘मधुमेह आहे’ अशी चिठ्ठीही बरोबर असू द्या.

आता ट्रॅकचं. २००६ मध्ये आपल्याकडे कात्रज ते हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गाची सेवा, सुरू झाली, तेव्हा सातारा रस्त्याच्या कडेने सायकल ट्रॅकही झाले. २०१७ मध्ये महापालिकेच्या सभेने अख्ख्या शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. आज जे ट्रॅक आहेत ते तुटक तुटक आहेत, मध्ये विजेचा डीपी येतो, दुकानाची पाटी येते, दुचाकी लावलेल्या असतात. सलग ट्रॅक व्हायलाच हवेत. तुमच्या वॉर्ड ऑफिसला अर्ज द्या, तुमच्या रस्त्यावरच्या त्या जाळीचा फोटो जोडा, जवळची खूण लिहा आणि पोच घ्या. मी माणिकबागेच्या जाळीचा अर्ज दिला आहे. पण ट्रॅकसाठी थांबू नका. तुमची साखर थांबणार नाही. आणि ट्रॅक झाला तरी तो प्रत्येक चौकाशी संपतो, आणि मोठा धोका चौकातच असतो. वर लिहिलेलं सगळं तेव्हाही लागणारच आहे.

स्कूटी घ्यायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. सोयीची असेल तर जरूर घ्या. मात्र एका पडण्याच्या भीतीने घेऊ नका, कारण ती बस त्याच रस्त्यावर आहे. शक्य असेल तर पंधरा-वीस मिनिटं लवकर निघा. आठच्या आधीचा सिंहगड रस्ता आणि नऊचा सिंहगड रस्ता हे दोन वेगळे रस्ते आहेत. विठ्ठलवाडीच्या आसपास आतल्या गल्ल्यांतून थोडं अंतर कापता येतं का तेही एखाद्या रविवारी फिरून बघा. वाट लांब झाली तरी चालेल.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांना एकदा खाली घेऊन या, फूटपाथपासून मीटरभरावर उभी सायकल दाखवा आणि सांगा, मी इथून जाणार आहे, इथे मी सगळ्यांना दिसते. त्यांना पटेल. त्यांची भीती खरी आहे, त्यांना फक्त जागा चुकीची माहीत आहे.

आधी मुलाबरोबर बोटं मोजायचा सराव आठवडाभर करा आणि झाला की मला कळवा. त्यानंतरच्या मंगळवारी मी पावणेआठला धायरी फाट्यावर येते. माझी हिरवी सायकल आहे, मागे वेताची टोपली आहे. तुम्ही पुढे राहा, मी तुमच्या मागे दोन सायकलींचं अंतर ठेवून येईन. राजाराम पुलाच्या चौकाआधी हात दाखवायला विसरलात तर मागून ओरडेन.

तुमची,
ताई